पत्र स्वीकारले म्हणजे पोचले का?

मुंबई–हावडा लोहमार्गावर भुसावळकडून नागपूरकडे जाताना जलंब जंक्शन मागे पडले की शेगाव येते. गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यायला निघालेली माणसे येथे उतरतात. गाडी पुढे नागझरी, पारस करीत अकोल्याला जाते. आपल्याला मात्र आज फलाटावरच्या गर्दीकडे पाहायचे नाही, तर स्टेशनमास्तरच्या खोलीत काय चालते तिकडे पाहायचे आहे.

स्थानकागणिक चालणाऱ्या ब्लॉक पद्धतीत शेगावचा स्टेशनमास्तर गाडी सोडण्यापूर्वी नागझरीला घंटेच्या खुणेने विचारतो, ‘गाडी घेता का?’ नागझरीने होकार दिला की यंत्रावरचा काटा ‘लाइन क्लिअर’वर येतो आणि मगच पुढचा सिग्नल देता येतो. गाडी नागझरीला पोचली की तिथला माणूस शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ ही खूण पाहतो. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत एखादा डबा सुटून राहिलेला नाही. यानंतरच तो शेगावला ‘गाडी आली’ असे कळवतो.

या व्यवस्थेतली एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. गाडी हावड्याची असली तरी शेगावचा मास्तर हावड्याला काहीच विचारत नाही. तो फक्त पुढच्या स्थानकाला विचारतो आणि त्याला उत्तरही फक्त पुढच्या स्थानकाचे मिळते. संगणकाच्या टपालाची, म्हणजे ई-मेलची, रचना नेमकी अशीच आहे. ती तशी का झाली आणि त्यामुळे एक साधा प्रश्न इतका अवघड का होऊन बसला, याचा हा इतिहास आहे.

प्रश्न काय आहे?

समजा, शेगावच्या एका शाळेने आपल्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीच्या अर्जाची सोय केली. विद्यार्थी अर्ज भरतो, बटण दाबतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात – ‘आपला अर्ज कार्यालयाकडे पोचला आहे.’ हे काम एक स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे सर्व्हर-संगणकाने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची यादी. अर्जाचा मजकूर गोळा करणे आणि तो सर्व्हरवरच्या टपालाच्या आज्ञावलीकडे सोपवणे, एवढेच तिचे काम असते.

आता समजा, त्या सर्व्हरवर टपालाची आज्ञावली बसवलेलीच नाही, किंवा बसवली आहे पण बंद पडली आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तपासणी घातली नसेल तर पडद्यावरचे वाक्य तसेच उमटत राहील. विद्यार्थी निर्धास्तपणे घरी जाईल. शेवटची तारीख उलटून गेल्यावर कळेल की अर्ज कोणाकडेच नव्हता. म्हणून स्क्रिप्टने आधी विचारले पाहिजे : ‘या सर्व्हरवर चालू स्थितीतले टपाल-यंत्र आहे का?’

हा एकच प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. टपालवाला आहे का? तो जागा आहे का? त्याने पत्र घेतले का? आणि पत्र पोचले का? या चार प्रश्नांची उत्तरे गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या प्रकारे शोधली गेली.

टपालवाला आहे का?

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पत्र पाठवण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत केला. त्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत एक वेगळीच अडचण उभी राहिली. तिथे एकाच वेळी अनेक जाळी होती. एक अर्पानेट, दुसरे टेलिफोनवरून चालणारे यूयूसीपी, तिसरे विद्यापीठाचे स्वतःचे. प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत निराळी होती. एरिक ऑलमन या तरुणाने यावर ‘डिलिव्हरमेल’ नावाची आज्ञावली लिहिली. ती १९७९ मध्ये बर्कलेच्या युनिक्स प्रणालीबरोबर दिली जाऊ लागली. तिच्यातूनच पुढे ‘सेंडमेल’ तयार झाली आणि १९८३ मध्ये बाहेर पडली. योगायोग असा की शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झाले.

सेंडमेलमागची कल्पना आपल्या टपालखात्यासारखी होती. पत्र लिहिणाऱ्याने ते पेटीत टाकावे, ते कोणत्या गाडीने जाईल याची चिंता करू नये. पत्र लिहिण्याची आज्ञावली वेगळी आणि ते वाहून नेण्याची वेगळी, असे दोन भाग झाले. त्यामुळे कोणतीही स्क्रिप्ट दोन-चार ओळींत पत्र पाठवू शकू लागली. मजकूर सेंडमेलच्या हवाली केला की तिचे काम संपले.

हवाली करायचे तर सेंडमेल कुठे आहे ते ठाऊक हवे. युनिक्समध्ये ती बराच काळ ‘यूएसआर’ कप्प्यातल्या ‘लिब’ या उपकप्प्यात असे. १९९० च्या दशकात ती अनेक प्रणालींत ‘एसबिन’मध्ये हलली. म्हणून स्क्रिप्ट लिहिणारे ठरावीक ठिकाणांची यादी करून एकेक जागा तपासत : येथे या नावाची फाइल आहे का, आणि ती चालवण्याची परवानगी आहे का? पुढे संकेतस्थळांसाठी लोकप्रिय झालेली पीएचपी ही भाषा सर्व्हरवर बसवताना नेमके हेच करत असे. सेंडमेल सापडली नाही तर जुन्या आवृत्त्यांत पत्र पाठवण्याची सोयच उपलब्ध होत नसे.

ही तपासणी उपयोगाची आहे, पण ती किती सांगते? टपालपेटी जागेवर आहे एवढेच. पेटी रोज उघडली जाते की गेली दोन वर्षे कुलूपबंद आहे, हे पेटीकडे बघून कळत नाही.

त्यातच आणखी एक वळण आले. १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी ‘एक्झिम’ लिहायला घेतली. त्याच सुमारास डॅनियल बर्नस्टाइन यांची ‘क्यूमेल’ आली. १९९८ मध्ये विट्झ वेनेमा यांची ‘पोस्टफिक्स’ प्रसिद्ध झाली. या तिन्ही आज्ञावल्या आतून सेंडमेलपेक्षा अगदी निराळ्या. पण जगभरच्या हजारो स्क्रिप्ट ‘सेंडमेल’ हे नाव शोधत होत्या. म्हणून या सर्वांनी त्याच नावाचे दार ठेवले. पाटी तशीच राहिली, आतला माणूस बदलला. आज एखाद्या सर्व्हरवर ‘सेंडमेल’ सापडली तर ती ऑलमन यांचीच आज्ञावली असेल असे नाही. ‘या नावाने हाक मारली तर पत्र घेतले जाईल’ असा तो एक करार आहे.

मुंबईतला टेलिफोन

भारतातही ही कहाणी टेलिफोनच्या तारेवरूनच सुरू झाली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधन जाळे हाती घेतले. मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील आयआयटी आणि दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे त्यातले आठ सहभागी होते. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा या कामात मोठा वाटा होता. १९८६–८७ मध्ये एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात ई-मेलसाठी टेलिफोनवरून पहिली जोडणी झाली ती यूयूसीपी पद्धतीने.

यूयूसीपीत दोन संगणक कायम जोडलेले नसतात. पत्रे एका रांगेत साठत राहतात. फोन लागला की साठलेली पत्रे पलीकडे जातात आणि पलीकडची इकडे येतात. पत्त्यातच सगळा मार्ग लिहावा लागे. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘जलंब!शेगाव!नागझरी!अमुक’ असा. मधला एक संगणक बंद पडला की पत्र तिथेच अडकून राही.

अशा जाळ्यात ‘पत्र गेले का?’ याला लगेच उत्तर असूच शकत नाही. खरे उत्तर एवढेच की ‘रांगेत लागले आहे’. म्हणूनच रांग तपासण्याची सवय त्या काळी लागली. रांग वाढतच चालली आहे, एकही पत्र बाहेर पडत नाही, असे दिसले तर समजावे की टपालवाला आहे खरा, पण वाट बंद आहे. ही तपासणी आजही तितकीच उपयोगी पडते.

पुढे जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली–मुंबई ही सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी कायम जोडणी झाली. १९९२ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४,००० बिटांची जोडणी मिळाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. कायम जोडणी असली की फोन लागण्याची वाट पाहावी लागत नाही, दुसऱ्या संगणकाशी थेट बोलता येते. त्या बोलण्याची भाषा तोवर ठरलेली होती.

तो जागा आहे का? त्याने पत्र घेतले का?

ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी ‘आरएफसी ८२१’ या क्रमांकाचा मसुदा प्रसिद्ध केला. एसएमटीपी, म्हणजे टपाल देण्याघेण्याचा साधा शिष्टाचार, त्यात लिहिलेला आहे. हा संवाद माणसालाही वाचता येतो. आपल्या सोयीसाठी दोन संगणकांना शेगाव आणि अकोला अशी नावे देऊन तो मराठीत मांडू.

अकोला : २२०, सेवा तयार आहे.
शेगाव : हेलो, मी शेगाव.
अकोला : २५०, ठीक.
शेगाव : प्रेषक, मुख्याध्यापक.
अकोला : २५०, ठीक.
शेगाव : हे पत्र अमुक पालकांना द्यायचे आहे.
अकोला : २५०, ठीक.
शेगाव : आता मजकूर.
अकोला : ३५४, सांगा. संपल्यावर एका ओळीत फक्त एक टिंब द्या.
शेगाव : (मजकूर, आणि शेवटी एकटे टिंब)
अकोला : २५०, स्वीकारले.
शेगाव : निरोप घेतो.
अकोला : २२१, ठीक.

आकड्यांतला पहिला अंक महत्त्वाचा आहे. २ म्हणजे झाले, ३ म्हणजे पुढे बोला, ४ म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या, आणि ५ म्हणजे हे होणार नाही. मानवी भाषेतले शब्द काहीही असोत, यंत्राला हा एक अंक पुरतो. मजकुराच्या शेवटचे एकटे टिंब म्हणजे आपल्या गाडीमागची ‘एलव्ही’ खूण. ते दिसल्याशिवाय अकोला ‘स्वीकारले’ म्हणत नाही.

हे शेवटचे ‘२५०’ म्हणजे जबाबदारीची देवाणघेवाण असते. तोपर्यंत पत्राची जबाबदारी शेगावची, त्यानंतर अकोल्याची. यानंतर अकोल्याला पत्र पुढे देता आले नाही तर प्रेषकाला तसे कळवणे हे अकोल्याचे कर्तव्य. १९८९ च्या नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे की संगणक मध्येच बंद पडला अशासारख्या क्षुल्लक कारणाने स्वीकारलेले पत्र हरवता कामा नये.

या संवादामुळे स्क्रिप्टला दुसरी तपासणी मिळाली. टपालाच्या संवादासाठी २५ क्रमांकाचे दार, म्हणजे पोर्ट, ठरलेले आहे. ते ठोठवायचे. ‘२२०’ असे उत्तर आले तर टपालवाला जागा आहे. पण येथेही सावध राहावे लागते. काही सर्व्हर पत्रे फक्त पाठवतात, बाहेरून घेत नाहीत, त्यामुळे त्यांचे २५ क्रमांकाचे दार बंदच असते. तिथून उत्तर आले नाही म्हणून पाठवण्याची सोय नाही असे ठरत नाही. उलट, आतले दार उत्तर देत असेल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने बाहेर जाणारी वाट अडवली असेल, असेही घडते.

सेंडमेलला थेट पत्र दिले तर ती काम संपवताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे घेतले, ७५ म्हणजे तात्पुरती अडचण. जी स्क्रिप्ट हा आकडा वाचत नाही, ती पोचपावती न बघता फेकून देणाऱ्या कारकुनासारखी असते.

तपासणीचे दार आणि चोर

एसएमटीपीत सुरुवातीला आणखी एक सोय होती. ‘अमुक नावाचा माणस तुमच्याकडे आहे का?’ असे पत्र न पाठवता विचारता येई. त्याखेरीज सेंडमेलमध्ये दोष शोधण्यासाठी ‘डीबग’ नावाची एक खिडकी ठेवलेली होती.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली इंटरनेटवर फिरू लागली. तिच्या शिरकावाच्या मार्गांपैकी एक हीच डीबगची खिडकी होती. ती उघडी असेल तर प्राप्तकर्त्याच्या नावाच्या जागी आज्ञा लिहून पाठवता येत आणि तो संगणक त्या पाळत असे. सुमारे ६,००० संगणकांना बाधा झाली, असा त्या वेळचा अंदाज होता. तपासणीसाठी ठेवलेले दार चोरवाट ठरले.

‘अमुक आहे का?’ या प्रश्नाचेही तेच झाले. जाहिरातींची पत्रे पाठवणारे हजारो नावे विचारून खऱ्या पत्त्यांच्या याद्या करू लागले. म्हणून बहुतेक सर्व्हरांनी उत्तर देणे बंद केले किंवा ‘२५२’ हे सावध उत्तर धरले : सांगता येत नाही, पण पत्र द्या, प्रयत्न करू. पत्र न पाठवता खात्री करून घेण्याची सोय अशा रीतीने जवळजवळ संपली. भामट्यांच्या भीतीने सज्जनांचाही एक प्रश्न अनुत्तरित राहिला.

पत्र पोचले का?

आता शेवटचा प्रश्न. पीएचपीतील पत्र पाठवण्याची आज्ञा ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे उत्तर देते. नवशिके ‘खरे’ याचा अर्थ ‘पोचले’ असा करतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘आमच्या सर्व्हरवरच्या टपालवाल्याने पत्र हातात घेतले’ एवढाच आहे. शेगावहून गाडी सुटली, इतकेच. पुढे चार सर्व्हर लागू शकतात. शेवटचा सर्व्हर पत्र नाकारू शकतो किंवा नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात टाकू शकतो. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना ओळखीचे पुरावे सक्तीचे केले आहेत. पाठवणाऱ्या सर्व्हरची ओळख पटली नाही तर पत्र बिनचूक असूनही दारातून परत फिरू शकते.

पत्र परत फिरले तर ‘पोचवता आले नाही’ असे पत्र प्रेषकाला येते. मात्र प्रेषक कोण? स्क्रिप्टने वेगळे काही सांगितले नसेल तर संकेतस्थळ चालवणाऱ्या आज्ञावलीचेच खाते प्रेषक ठरते. त्या खात्याची टपालपेटी कोणी उघडतच नाही. म्हणजे व्यवस्थेने आपले कर्तव्य केलेले असते, अपयशाची बातमीही आलेली असते, पण ती अशा पेटीत पडून असते की जिची किल्ली कोणाकडेच नाही. आपल्या शाळेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा येथेच अडकतील.

मग चालू टपाल-यंत्र ओळखायचे कसे? पन्नास वर्षांच्या अनुभवातून उरलेली खात्रीची रीत जुनीच आहे : खरे पत्र पाठवावे आणि ते आले का पाहावे. दररोज ठरावीक वेळी स्क्रिप्टने वेगळ्या ठिकाणच्या एका पेटीत त्या दिवसाची खूण घातलेले पत्र पाठवावे आणि दुसऱ्या आज्ञावलीने ती पेटी उघडून ती खूण शोधावी. तासाभरात खूण सापडली नाही तर माणसाला हाक मारावी. फाइल शोधणे, दार ठोठावणे, रांग मोजणे या तपासण्या बिघाड कुठे आहे हे सांगतात. बिघाड नाही, हे मात्र पोचलेले पत्रच सांगते.

वर्गात करून पाहा

आठ विद्यार्थ्यांना एका रांगेत उभे करा. पहिल्याला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीच्या शेवटी टिंब असेल. प्रत्येकाने टिंब पाहून ‘घेतली’ असे मागच्याला म्हणायचे आणि चिठ्ठी पुढे द्यायची. पाचव्या विद्यार्थ्याला आधीच हळूच सांगून ठेवा की ‘घेतली’ म्हणून चिठ्ठी खिशात ठेव. मग पहिल्या विद्यार्थ्याला विचारा, ‘चिठ्ठी पोचली का?’ तो बहुधा ‘हो’ म्हणेल. ‘तुला हे कशावरून कळले?’ असे पुढे विचारले की वर्गात चांगली चर्चा होते. आपल्याला प्रत्यक्ष काय दिसले आणि आपण काय गृहीत धरले, यातला फरक मुलांना स्वतःच्या अनुभवातून उमगतो. विज्ञानाच्या प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘निष्कर्ष’ असे दोन वेगळे रकाने असतात ते याचसाठी.

शेगावच्या त्या शाळेला मग काय सांगावे? टपाल-यंत्राची तपासणी घालावी, प्रेषक म्हणून कार्यालयाचा रोज उघडला जाणारा पत्ता द्यावा, आणि प्रत्येक अर्जाची एक प्रत सर्व्हरवरच जपून ठेवावी. पडद्यावरचे वाक्यही बदलावे. ‘आपला अर्ज पोचला आहे’ ऐवजी ‘आपला अर्ज स्वीकारून पुढे पाठवला आहे, दोन दिवसांत कार्यालयाचे उत्तर आले नाही तर चौकशी करावी’ असे लिहावे. नागझरीचा होकार आला म्हणून शेगावचा मास्तर ‘गाडी हावड्याला पोचली’ असे कधीच नोंदवत नाही. त्याच्या नोंदवहीत त्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच असते, आणि इतक्या लांबच्या लोहमार्गाचा कारभार अशाच नोंदींवर चालत आला आहे.